अण्णाच्या कानांसाठी मांडलेली पानं

सुमतीवहिनी गेल्याचा फोन माझ्या थोरल्या भावाने, अण्णानेच केला. गोकुळ रोडवरच्या आमच्या कारखान्यात मी नुकताच हिशेबाच्या टेबलाशी बसलो होतो. "शरद, तुझी वहिनी गेली. झोपेतच... तू ये." कोर्टात बोलावं तसा सरळ, एकही शब्द न अडखळता तो बोलला. मी लगेच त्याच्या गावची, धारवाडची बस धरली.

त्याला काही आठवडे झाले. मी अकाउंट्सचा माणूस, फुगवून लिहिणं मला जमत नाही. पण आमच्या घराण्यात अभिमानाने नाव घ्यावं असं कुणी असेल, तर मी वहिनींचंच घेईन.

लग्नाआधी त्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहायच्या. लेखक, नाव, विषय, ज्याची त्याची जागा ठरलेली. मुलं मोठी झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, घराजवळच सप्तापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासला त्या जाऊ लागल्या. कॉलेजची पोरं त्यांना अक्का म्हणायची. पुढे घरी बसून त्या छोट्या कारखान्यांच्या वेबसाइट करून देऊ लागल्या. आमचीही त्यांनीच केली. आमच्या मालकांना पडद्यावर पळती अक्षरं हवी होती. वहिनी म्हणाल्या, "पळाली तर गिऱ्हाइकाने वाचायची कधी, साहेब?" मालक हसले आणि अक्षरं जागच्या जागी राहिली.

अण्णा दिवाणी वकील. जमिनीच्या वाटणीचे दावे हे त्याचं खास काम. मधुमेहाने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो पन्नाशीतच होता. पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मुलाने बसवून दिला. टायपिस्ट मल्लप्पाने जुन्या टिपणांची फाईल करून दिली. मथळे मोठे, ठळक, आकडे स्पेसबार मारमारून सरळ ओळीत. कागदावर छापली असती तर देखणी दिसली असती. पण यंत्र ती पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत एका दमात वाचत सुटायचं. हवा तो मुद्दा यायला अण्णा ताटकळत बसायचा, आणि आला तरी कळायच्या आत पुढे निघून जायचा. एक दिवस त्याने कानातला इअरफोन काढून टेबलावर टाकला.

"जज्ज थांबणार होय माझ्यासाठी? बास झालं. पक्षकारांना सांग, दुसरा वकील बघा."

वहिनी ती फाईल घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दोन दिवसांनी मल्लप्पाला बोलावून घेतलं. अण्णा शेजारी बसला होता, मीही होतो.

"मल्लप्पा, तुम्ही मथळा मोठा केलात, तो डोळ्यांना कळतो. यंत्राला कसा कळणार? हा मथळा आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागतं." टिपणांचं त्यांनी वेबपान केलं होतं. दाव्याचं नाव, त्याखालचे मुद्दे, मुद्द्याखालचे जुने निकाल, प्रत्येकाला तो काय आहे ते सांगणारी खूण घातली होती. ही खूण पडद्यावर दिसत नाही, पण यंत्राला कळते.

मल्लप्पा पडद्याकडे बघत राहिला. "अक्का, दिसायला तर तसंच आहे की!"

"दिसायला नकोच हो. ऐकायला पाहिजे."

अण्णाने एक बटण दाबलं. यंत्र पहिल्या मुद्द्यावर गेलं. पुन्हा दाबलं, दुसऱ्यावर. जमिनीच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याआधी यंत्र रकान्याचं नाव सांगू लागलं. सर्व्हे नंबर कुठला, एकर कुठले, गुंठे कुठले, घोळ नाही. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो. "परत," एवढंच तो म्हणाला, आणि जेवायची हाक येऊन गेली तरी उठला नाही.

तरी कोर्टात जायला तो कचरत होता. लोक हसतील म्हणायचा. शेवटी मुलाचा लॅपटॉप स्वतः उचलून वहिनी त्याच्याबरोबर गेल्या. मी रजा टाकली. वाटणीचाच दावा होता. जज्जांनी एका तुकड्याचं क्षेत्र विचारलं. समोरचे वकील कागद चाळत होते. अण्णाने मान किंचित तिरकी केली, बोट हललं, आणि त्याने एकर-गुंठ्यांसकट उत्तर दिलं. मागच्या बाकावर वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही.

रिक्षात बसल्या बसल्या अण्णा म्हणाला, "ताब्याचा मुद्दा तू वाटणीच्या पोटात घातलास. तो वेगळा पाहिजे."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत, भावोजी? चुका काढायला लागले. आता काळजी नाही."

पुढे त्याची कायद्याची सर्वसाधारण टिपणंही त्यांनी तशाच खुणांसह इंटरनेटवर ठेवली. गदगच्या एका वकिलाचा फोन आला होता. त्यांचीही दृष्टी गेलेली. वहिनींनी त्यांना फोनवरच सगळं समजावलं. भात खाली लागला, तोही त्या दिवशी कौतुकाने खाल्ला सगळ्यांनी.

दिवसकार्य आटोपल्यावर मागच्या आठवड्यात मी सप्तापुरात अण्णाकडे गेलो. अण्णाच्या हातात नवा दावा होता. टिपणं मी करून देतो म्हणायचं ठरवून गेलो होतो. आतल्या खोलीत वहिनींच्या कॉम्प्युटरसमोर, त्यांच्याच खुर्चीत तो बसला होता. एकेक खूण तो स्वतः टाइप करत होता, आणि यंत्र ती त्याला वाचून दाखवत होतं.

"कधी शिकलास हे?"

"तिनेच शिकायला बसवलं गेल्या वर्षी. चुकलो की हातावर मारायची..." त्याने कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "त्या खुर्चीवर बस आणि आकडे वाच. सावकाश. प्रत्येक आकड्याआधी तो कशाचा ते सांग."

मी वाचू लागलो.