वकीलबाईंची पगारवाढ

धुलाईखान्यात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. शाळा सहावीतच सुटलेली, पण बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. वीस वर्षं हॉटेलांच्या ओल्या चादरी तापलेल्या रुळाखाली सरकवून तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग पडले होते. पगार मात्र जिथल्या तिथे.

पगारवाढीसाठी फाटकापुढे बसायचं ठरलं, तेव्हा पहिली बसली ती हीच. अकरा दिवस बसली. मालकाने धमकावलं, मुकादमाने हातापाया पडून पाहिलं, बाई हलली नाही. अशीच माणसं ठिकठिकाणी बसली होती. शेवटी सरकारनेच किमान वेतन वाढवलं. बायकांनी तिला खांद्यावर घेतलं, तशी ती ओरडली, "अगं सोडा, कंबर मोडाल माझी!"

तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. कमी उत्पन्नाचं कार्ड होतं, म्हणून ते फुकटात व्हायचं. नव्या पगाराच्या दुसऱ्याच महिन्यात दवाखान्याने ते कार्ड रद्द झालंय म्हणून परत केलं. ती तडक सरकारी कचेरीत गेली.

"ताई, तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलंय," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याने बसायला खुर्ची दिली.

"किती वर?"

"थोडंसंच. पण वर ते वर."

"वाढीतून कर तुम्ही कापला. घरभाड्याची सवलत तुम्ही काढलीत. आता कार्डही घेता. मग पगार वाढला कुणाचा, माझा की सरकारचा?"

"माझा तरी नाही वाढला," कारकून खाली मान घालून म्हणाला.

तिथून ती मुकादमाकडे गेली. "मला जुनाच पगार द्या."

मुकादमाला हसता हसता ठसका लागला. "कायद्याने देता येत नाही, वकीलबाई. कायदा तुम्हीच आणलात ना?"

"मग आठवड्याचे दोन दिवस कमी करा."

ते मात्र त्याने लगेच केलं.

नवं कार्ड मिळायला चार महिने लागले. त्या काळात नवरा तीनदाऐवजी दोनदाच मशीनवर जाऊ लागला. पाय सुजून खांबासारखे झाले, तरी म्हणायचा, "मला बरं वाटतंय गं, उगाच खर्च कशाला?" तिला ठाऊक होतं तो खोटं बोलतोय. ठाऊक असून तिने मान डोलवली, आणि ते तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही. कार्ड आलं, पण गेलेली ताकद आली नाही. दारापर्यंत चालायलाही त्याला तिचा खांदा लागू लागला.

रिकाम्या दोन दिवसांत ती दाराला कडी घालून शेजारपाजारचे कपडे इस्त्री करू लागली. नोंद नको, पावती नको. म्हणून लोक दर पाडून मागायचे, जुन्या पगाराच्याही निम्मा. ज्या बाईने हक्काच्या मजुरीसाठी ऊन अंगावर घेतलं, ती आता चोरासारखी राबत होती.

वर्षभराने धुलाईखान्यातली एक पोरसवदा बाई घरी आली. "वकीलबाई, पुन्हा वाढ मागायचीय. तुम्ही पुढे व्हा."

आतून नवरा म्हणाला, "जा गं तू. माझं काय एवढं!"

तिने दाराची कडी हातात धरली. बोलण्यात कधी न हरलेली बाई हळूच म्हणाली, "तुम्ही मागा. मिळायलाच हवी. पण मला त्यातली देऊ नका म्हणावं."

आणि तिने दार लावून घेतलं.