सुलतानपूरची शिराज

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या बाजारात वांगी निवडत होते. भाचा नितीन बोलत होता. ‘आत्या, बाबा गेले. छातीत दुखते म्हणले, अन् बसल्या जागीच...’ हातातली वांगी मी परत टोपलीत ठेवली.

महिना झाला त्याला. भेटायला येणारे म्हणतात, देवमाणूस होता. याच लोकांनी त्याला वीस वर्षं ‘दारूवाला’ म्हटलं. मी तोंडानं कधी म्हटलं नाही, एवढाच काय तो फरक.

दादानं शेतकी कॉलेजातून पदवी घेतली, नोकरी नाकारली आणि सुलतानपूरला आमची काळी जमीन सोडून मुरमाड माळावर शिराज लावली. रेड वाइनचं हे द्राक्ष बारीक, काळंभोर, जाड सालीचं, सगळं बियांनी भरलेलं. गावानं चाखलं आणि थुंकलं. दादा हसून सांगायचा की भारी जमिनीत ही वेल आळशी होते, तिला जरा उपाशी ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ती दाण्यात जीव ओतते. फेब्रुवारी लागला की तो ओळीओळीतून फिरायचा, दाणा दातानं फोडायचा आणि बी तळहातावर घेऊन रंग बघायचा. बी हिरवट दिसली की त्या दिवशी तोडणी नाही, मजूर आलेले असले तरी. नाशिककडच्या ज्या कंपनीला तो माल द्यायचा, तिथे वाइन करणारे देसाई म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी एका वर्षी दादाची द्राक्षं इतरांच्यात मिसळू दिली नाहीत. त्या द्राक्षांची वाइन वेगळ्या लाकडी पिंपात वर्षभर ठेवली. त्यातून निघालेली बाटली कंपनीची सगळ्यात उंची वाइन ठरली.

ती बाटली घेऊन दादा माझ्याकडे आला. माझे यजमान त्याआधीच दारूपायी गेले होते, मी चौतीस वर्षांची असताना. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हटलं, तू ये, ते नको. तो पायरीवरच बसला. काय करावं ते न सुचून बाटलीवरचं इंग्रजी बोट ठेवून वाचू लागला. द्राक्षाचं नाव होतं, वर्ष होतं, खाली नाशिकच्या खोऱ्याचं कौतुक होतं. त्यानं दोनदा वाचलं.

‘सुमन, याच्यात आपलं नाव नाही वं. सुलतानपूर नाही, बुलडाणा बी नाही.’

मी म्हणाले, ‘बरं झालं. गावाची बदनामी टळली.’

तो उठला. बाटली पायरीवर ठेवून गेला. मी नाकाला पदर लावून ती नालीत ओतली आणि पायरी धुतली.

तो कंपनीत जाऊन विचारून आला. एका साहेबानं त्याला सांगितलं म्हणे की बुलडाणा वाचलं तर गिऱ्हाईक बाटली खाली ठेवील. त्या वर्षी दादानं माल तोडलाच नाही, सगळा पाखरांनी खाल्ला. पुढच्या वर्षी एकेक वेल त्यानं स्वतःच्या हातानं बुंध्याशी कापली. मग सोयाबीन, तूर... चारचौघांसारखं. भाऊबीजेला येत राहिला, पण द्राक्षाचं नाव त्यानं माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, सुटला एकदाचा.

तेराव्याला देसाई आले. ऐंशीच्या घरातले, एवढ्या लांबून, शेवटचा टप्पा जीपनं. जेवले नाहीत, आधी माळावर गेले. एखादी वेल राहिली आहे का, असं त्यांनी नितीनला विचारलं. तो नाही म्हणाला. मी बहीण, हे कळल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

‘दोन बाटल्या मीच दिल्या होत्या त्याला,’ ते म्हणाले. ‘स्वतः घोटभर प्याला आणि म्हणाला, मला यातलं काय कळतं, माझ्या बहिणीचं नाक तेज आहे, ती सांगेल. त्या वाइनला मिऱ्याचा वास होता. दुसऱ्या कुठल्या जमिनीत मला तो तसा मिळाला नाही. तुम्हाला आला होता ना?’

मी म्हणाले, ‘आला होता.’

‘त्याला सांगितलंत?’

मी मानेनंच हो म्हटलं. त्यांचा चेहरा निवला. नितीननं त्यांना हात धरून जीपमध्ये बसवलं, आणि गाडी वळेपर्यंत ते माझ्याकडे बघून हात जोडत राहिले.