भिंतीवरचे नऊ कोट

माझा थोरला भाऊ इस्त्रीवाला. एकाच खोलीत दादा, वहिनी, दहावी झालेली पोर आणि गिऱ्हाइकांचे कपडे. त्यातल्या त्यात ऐसपैस राहतात ते कपडेच! दादाच्या स्वतःच्या शर्टाची कॉलर विरलेली, पण इस्त्री कडक. चुरगळलेल्या कपड्यात तो कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा जात नाही.

पोरीला पुढे शिकायचं होतं. फी आणि पुस्तकांसाठी सरकारी अनुदानाचा अर्ज केला. ते मिळालं नाही तर शिक्षण तिथेच थांबणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. चौकशीला साहेब घरी येणार म्हटल्यावर दादाने खोली लख्ख केली. तेवढ्यावर थांबेल तर तो दादा कसला! कपड्यांना टाचलेल्या, गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून त्याही काढून डब्यात ठेवल्या. साहेबांनी भिंतीवरचे नऊ कोट पाहिले, कडक कपड्यातला दादा पाहिला, आणि काही न विचारता निघून गेले. आठवड्याने पत्र आलं. परिस्थिती चांगली, अर्ज नामंजूर.

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! आता तरी जरा गबाळा होऊन जा ऑफिसात."

माझंच तोंड काळं. त्याने खरंच धुतलेला शर्ट पिळून तसाच वाळत टाकला आणि सकाळी अंगात चढवला. एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला.

"बाबा, काढा तो शर्ट," पोर म्हणाली.

"अगं, तुझ्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. गरीब दिसायला कशाला जायचं? कोट कुणाचे ते सांगू या."

भाजेल म्हणून दादाने तिला इस्त्रीला कधी हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी तिने ती सरळ उचलली. मग चिठ्ठ्यांचा डबा घेऊन दोघं गेले. साहेबांनी एकेक चिठ्ठी वाचली. आधी ओशाळले, मग शेरा बदलून सही केली.

परतल्यावर दादा थेट कामाला लागला. कपडे न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "काय हो, आज तुमच्याच कॉलरला सुरकुती?"

दादाने कॉलर चाचपली. "राहू द्या," म्हणाला, "लेकीने केलीय."