आठ नंबरची खुर्ची

वहिनींच्या ताब्यात डायलिसिसची आठ मशीन होती आणि त्यातलं एकही त्यांना चालवता येत नव्हतं. ते काम टेक्निशियनचं. वहिनींचं काम एवढंच, की कोणत्या पेशंटने कोणत्या वारी, कोणत्या पाळीला, कोणत्या खुर्चीत बसायचं ते ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

विभागाच्या दाराशी एक लाकडी फळा होता. त्यावर बहात्तर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक कार्ड. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा चार-चार तास मशीनला जोडून रक्त साफ करून घ्यावं लागतं. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, आणि पुढची पाळी लांब असली तर माणूस तिथवर पोचेलच असं नाही. म्हणजे बहात्तर जणांचा जीवच त्या खिळ्यांना टांगलेला. बहात्तर म्हणते खरी, पण तो हिशेब चुकीचा होता, आणि ते मला फार उशिरा कळलं.

वहिनी तिथे पहिल्यांदा आल्या त्या पेशंटची बायको म्हणून. त्यांचे यजमान विभागाच्या अगदी सुरुवातीच्या पेशंटांपैकी. बोलका माणूस, सगळ्यांचे भाऊ, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. सहा वर्षं त्या भाऊंना घेऊन येत राहिल्या. भाऊ गेले तेव्हा त्यांना नोकरीची गरज होती, आणि कुणाची बस किती वाजता येते, कुणाला सोडायला मुलगी येते, कुणाचं शेजारच्याशी पटत नाही, हे तोंडपाठ असलेलं माणूस विभागाला हवं होतं. त्यांना पाळ्यांच्या टेबलावर बसवलं. त्यानंतर अकरा वर्षांनी मी तिथे उगवले.

मी कॉम्प्युटर कंपनीकडून आले होते. हॉस्पिटलला सगळा कारभार कॉम्प्युटरवर न्यायचा होता. कुठलं काम कसं चालतं ते विचारायचं, लिहून काढायचं आणि त्यावरून प्रोग्रॅम बेतून घ्यायचा, ही माझी जबाबदारी. वय एकोणतीस. त्या वयात असते तेवढी अक्कल मला होती, पण समज असा की त्याच्या दुप्पट आहे.

मुलाखती अधीक्षकांच्या केबिनमध्ये व्हायच्या. "माझ्यासमोर विचारा," साहेब म्हणाले होते, "म्हणजे कुणी टाळाटाळ करणार नाही." मला ती सोयच वाटली. केबिनमध्ये गारवा होता, एका दुपारी तीन माणसं उरकायची. साहेब काही वाईट नव्हते. वेटिंग लिस्टवर चौदा जण होते, म्हणून एकही खुर्ची कुणाच्या नावाविना राहता कामा नये, हा त्यांचा नियम होता. त्यात चूक काय काढणार?

"पाळ्या कशा लावता?" मी विचारलं.

"नियमाप्रमाणे, मॅडम."

"आणि कुणी उशिरा आलं तर?"

वहिनींनी एकदा साहेबांकडे पाहिलं. "उशिरा आलं तर पाळी गेली. पुढच्या वारी यायचं."

मी लिहून घेतलं. साहेबांनी मान डोलावली. एकशे चाळीस पानांच्या माझ्या अहवालात ते वाक्य जसंच्या तसं आहे आणि खाली वहिनींची सही आहे.

पुढची पायरी जुनी यादी साफ करण्याची. मरण पावलेले, दोनदा लिहिलेले, अर्धवट माहितीचे असे सगळे आधीच काढून टाकायचे. जुना कचरा नव्या घरात न्यायचा नसतो, असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे. एकाहत्तर कार्डं चोख निघाली. बहात्तरावं होतं सोमवार-गुरुवार दुपारचं, आठ नंबरच्या खुर्चीचं. त्यावर फक्त 'भाऊ' लिहिलेलं. ना वय, ना पत्ता, ना फोन.

"वहिनी, हे तुमचे भाऊ ना?" पुन्हा तीच केबिन, पुन्हा साहेब समोर.

"हो."

"मग हे काढते हं."

त्यांनी पुन्हा साहेबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काढा."

"भावना समजते वहिनी, पण एक खुर्ची अडून राहते ना," साहेब म्हणाले. मला तर गहिवरून आलं. बिचारीने अकरा वर्षं नवऱ्याचं कार्ड खिळ्यावरून उतरवलं नव्हतं! आज मला माझ्या चुकीपेक्षा त्या गहिवराची जास्त लाज वाटते.

महिन्याभरात प्रोग्रॅम सुरू झाला. फीत कापली, साहेबांनी बटण दाबलं, फळा स्टोअरमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात वहिनींचा फोन आला. आठ नंबरची खुर्ची अजून वेटिंगवरच्या कुणाला दिली गेली नव्हती.

"अगं, भाऊंचं नाव परत यादीत घालता येईल का? गुरुवारचं तरी? त्याचं असं आहे, की..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. माणूस गेलं तरी मनातून जात नाही, माझ्या आईनेही बाबांचा चष्मा अजून ठेवलाय, वगैरे वगैरे. बोलता बोलता मीच रडायला लागले. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "बरं बरं. नीट राहा हं." फोन ठेवल्यावर शेजारच्या मैत्रिणीला मी सांगितलं, की या कामात नुसतं डोकं चालत नाही, माणसंही सांभाळावी लागतात. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच.

सोमवार-गुरुवारी सकाळच्या पाळीला एक गवंडी यायचा, दोन बस बदलून. आला की आधी विभागाच्या भिंतीवरून हात फिरवायचा आणि तिथलं प्लास्टर करणाऱ्याचा उद्धार करायचा, मगच खुर्चीत बसायचा. महिन्यातून एकदा तरी त्याची बस चुकायची. दीड महिन्यानंतरच्या एका गुरुवारी तो असाच एक वाजता पोचला. स्क्रीनवर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' आलं होतं. दुपारच्या आठही खुर्च्या भरलेल्या, संध्याकाळच्याही. डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा दम लागत नव्हता. पाणी कमी प्या, त्रास वाटला तर लगेच या, म्हणाले. पुढची पाळी सोमवारी. रविवारी पहाटे त्याला श्वास घेता येईना. भावाने गाडी मिळवून आणली, पण तो वाटेतच गेला.

हे मला टेक्निशियनने सांगितलं, किरकोळ दुरुस्तीसाठी गेले होते तेव्हा. "भाऊंच्या खुर्चीवर अकरा वर्षांत कोण नाही बसलं?" तो म्हणाला. "बस चुकलेले, पाळी विसरलेले, अचानक दम लागलेले. कुणीच आलं नाही तर वहिनी वेटिंगमधल्या जवळच्या माणसाला फोन करून बोलवायच्या. ती खुर्ची रिकामी अशी कधी राहिलीच नाही हो." साऱ्या विभागाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते साहेबांना. झाकली मूठ होती, आणि ती मी उघडून, झटकून, साफ करून दिली होती.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये 'राखीव खुर्ची' अशी सोय आहे. मीच भांडून घालून घेतली. वरातीमागून घोडं. नवीन हॉस्पिटलांना दाखवताना तिचं कौतुक होतं, आणि कौतुक होताना मी खिडकीबाहेर बघत बसते.

वहिनींनी बदली मागून घेतली होती. तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत धुऊन आलेल्या चादरी मोजून वॉर्डात पाठवायच्या, असं काम. मी तिथे गेले, पहिल्यांदाच एकटी.

"बस," त्या म्हणाल्या. "इथे बरंय. चादर चुकली तर कुणी मरत नाही."

मी माफी मागितली. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेवटी जे विचारायला गेले होते ते विचारलं. "वहिनी, तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं हो. का नाही सांगितलंत?"

"साहेबांसमोर काय सांगणार? कार्डासकट मलाही काढलं असतं." त्यांनी हातातली चादर गठ्ठ्यावर ठेवली. "फोनवर सांगतच होते की. पण तूच रडायला लागलीस. मग म्हटलं, जाऊ दे, पोरीला कशाला आणखी त्रास."