जपून ठेवलेला सॅक्सोफोन

फोन रोह्याहून रज्जाकभाईंचा होता. ते तिथल्या बँडचे मालक. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे काहीतरी वाईट घडलंय हे आवाज ऐकताच कळलं. तुमचे काकाआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर दत्ताभाऊजी, झोपेतच गेले होते. मी पेणहून लगेच निघाले. वडखळला गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली आणि तिथे बसून माझ्या मनात आलं काय, तर त्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असेल, आत तो सॅक्सोफोन नीट असेल ना... माणूस गेला होता आणि मला वस्तूची काळजी पडली होती. परवा अन्वीने कॅनडाहून विचारलं, "आजी, शाळेतल्या मॅडम म्हणतात, आता शिकाऊ सॅक्सोफोन सोड, मोठ्या वादकांचा घे. खरंच एवढा फरक असतो का गं?" हा प्रश्न खरं तर भाऊजींना विचारायचा. ते नाहीत, म्हणून अन्वी, निहार, मला जमेल तसं मी लिहिते आहे.

भाऊजी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि गणपतीत, लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. स्वतः लग्न केलं नाही, पण आसपासच्या गावांतली हळद त्यांच्याशिवाय होत नसे. त्यांचा सॅक्सोफोन शिकाऊच होता, तोही कुणीतरी वापरलेला. मुलामा उडालेला, एक चावी रबराने बांधलेली. घाम, गुलाल, पावसाची सर, सगळं तो सोसायचा. निडीकडच्या एका हळदीत मी स्वतः ऐकलं आहे. नवरीची आत्या सगळ्यांसमोर सांगत होती, "दत्ता येनार नसंल तर बँड नको गो, आमी टाळ्या वाजवू."

ते कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा तुमच्या बाबाला त्यांना नवा सॅक्सोफोन द्यायचा होता. कुठला घ्यायचा ते ठरवायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीत सापडेल ते सगळं मी वाचून काढलं. शिकाऊ वाद्य दणकट असतं, मुलांच्या हातून पडलं तरी टिकतं. वरच्या दर्जाच्या वाद्याला हाताने बसवलेल्या चाव्या, उत्तम पितळ, भरदार आवाज, पण ते जपावं लागतं. हे वाद्य विसर्जनाच्या मिरवणुकीत न्यायचं असेल तर काय, हे कुणी लिहिलं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. मी महागडा निवडला.

त्यांनी तो पहिल्यांदा पेणला आमच्या बैठकीत वाजवला. फरक मला कळला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. खालचा सूर जुन्यावर ते ढकलून काढायचे, इथे तो आपणहून आला. ते थांबले, वाद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ह्यो माझ्या आधीच वाजतो." मी हरखले. आणि लगेच सूचना सुरू केल्या. दमट हवेत उघडा ठेवू नका, पेटीतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलत जा, आणि मुख्य म्हणजे, "रस्त्यावर नेऊ नका हं, भाऊजी."

"नाय नेनार," ते म्हणाले.

जुना त्यांनी बँडमधल्या एका नवख्याला देऊनही टाकला होता.

पुढे दर फोनला माझा प्रश्न ठरलेला, सॅक्सोफोन नीट आहे ना? त्यांचं उत्तरही ठरलेलं, "व्हय, आनला तसाच हाय." त्या उत्तराने मला समाधान वाटायचं... एका विसर्जनाला मी रोह्यात होते. बँडमध्ये भाऊजी सगळ्यात मागे, हातात खुळखुळे घेऊन चालत होते. मला बघून हसले आणि एक खुळखुळा उंच करून हलवला. मला वाटलं, वय झालं, आता दम पुरत नसेल. बरं झालं, जपून राहतात, असं मी तुमच्या बाबाला कळवलंसुद्धा.

दहाव्यानंतर खोली आवरताना रज्जाकभाईंकडून कळलं ते वेगळंच. दम उत्तम होता. रोज दार लावून वाजवायचे, हळदींना जाणं मात्र सोडलं होतं. रज्जाकभाईंनी त्यांना परोपरीने सांगितलं होतं, एखादा साधा, जुना घे आणि ये पुढे. "तर म्हनायचा, वहिनीनं हौसेनं आनलाय, दुसरा घेतला तर तिला वाटंल ह्यो आवडला नाय. पन खरं सांगू वहिनी? दत्ताला समोर मानसं लागायची." त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

तुमच्या बाबाला वाटतं, सॅक्सोफोन आता अन्वीकडे पाठवावा. मी तो रज्जाकभाईंच्या हवाली केला. अन्वी, रागावू नकोस. फरक असतो, नक्की असतो. पण तू बर्फातून, बसमधून मैत्रिणींकडे जो बिनधास्त नेशील, तो घे, आणि माझ्यासारखं कुणी जपायला सांगितलं तर ऐकू नकोस.

गेल्या आठवड्यात निडीकडे हळद होती, मी मुद्दाम गेले. तो नवखा पोरगा आता चांगला तयार झाला आहे, त्यानेच भाऊजींचा सॅक्सोफोन वाजवला. ढोलांच्या गलक्यात मला तो खालचा सूर काही वेगळा ओळखता आला नाही. शेजारी तीच आत्या उभी होती. तिने मला ओळखलं आणि विचारलं, "दत्ता का येत नाय गो आताशा? आमच्यावर रुसलाय काय?"

ते गेले, असं मी सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला. रुसले नव्हते, एवढं मात्र माझ्या तोंडून निघेना, कारण मग ते का येत नव्हते हेही सांगावं लागलं असतं... ते सांगायला मला तिच्याकडे पुन्हा जायचं आहे.

निघताना रज्जाकभाईंनी सॅक्सोफोन माझ्यासमोर धरला. कर्ण्यावरच्या कोरीव नक्षीत हळद जाऊन बसली होती. ते ओशाळून रुमालाने पुसायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, उद्या पुन्हा लागणारच आहे.