नाक्याची वेळ

मंगळवार, ९ नोव्हेंबर. सकाळी धुके. नातीने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आहे, म्हणून ताटे ओट्यावरच वाढली. सहलीचे अकरा दिवस ठरले. तिला माझी त्या वर्षीची वही हवी आहे. अजून दिलेली नाही.

ही नोंद करणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे वहीबाई म्हणत. शाळेतल्या सिस्टरांनी सातव्या वर्षी लावलेली सवय त्यांनी सत्तर वर्षं मोडली नव्हती. जे घडलं तेवढंच लिहायचं, शाईने, खाडाखोड न करता. घरात कशावरून वाद झाला की शेवटी कोणीतरी म्हणायचं, वही काढा. वहीत सापडलं की विषय संपला, ती काळ्या दगडावरची रेघ.

नवरा घड्याळजी. बाजारात त्याचं हातभर रुंदीचं दुकान होतं. लग्नात त्याने दिलेलं मनगटी घड्याळ बाई फक्त अंघोळीला काढत. दोघं एकदाच सीमेपलीकडे मोटारीने फिरून आली. पलीकडे वेळ एक तास मागे. पण घड्याळजीने काटे फिरवू दिले नाहीत.

"आपलं घड्याळ आपल्या घराची वेळ सांगतं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरी गेलं म्हणून आपण आडनाव बदलतो का?"

"मी बदललं की," बाई म्हणाल्या. तो हसला, पण काटे तिथेच राहिले. त्या सहलीची एकूण एक वेळ वहीत घरच्या घड्याळाप्रमाणे पडली.

आता त्याच वाटेने नात आणि तिचा नवरा निघणार होते. नकाशावर तिने लाल पेनाने थांबे केले होते. पहिल्या दिवशी तळं, मग दगडी पूल, काच फुंकणाऱ्यांचं गाव, कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय, गरम पाण्याचे झरे. शेवटच्या दिवशी घाट चढून सीमेवरचा नाका आणि परत घर.

"आजी, वही दे ना गं. नाका कधी बंद होतो ते इंटरनेटवर धड सापडत नाही. एक म्हणतो सहा, एक म्हणतो सात."

"फोन करून विचार त्यांना."

"केला. उचलत नाहीत. तुझ्या वहीपुढे ते कोण लागून गेले? बाबा म्हणतात, आजीच्या वहीत आहे म्हणजे देवालाही मान्य."

बाई उठल्या आणि गॅसवर काही नसताना गॅस बघून आल्या.

एकतीस वर्षांपूर्वी असंच कोणीतरी वही मागायला आलं होतं. तो धाकटा दीर, टॅक्सी चालवायचा. लग्नाला उशीर, जेवायला उशीर, स्वतःच्या साखरपुड्यालाही उशीर, म्हणून घरातलं त्याचं नाव उशीरराव. आला की फाटकाची कडी दोनदा वाजवायचा आणि आत शिरायच्या आधीच ओरडायचा, "वहिनी, चहा टाका, बोलणी नंतर खातो." एका कुटुंबाला पलीकडे सोडून त्याला एकट्याने परतायचं होतं. रस्ता त्याला नवा. बाईंनी वहीतून चिठ्ठी उतरवून दिली. नाका सातला बंद.

"या खेपेला नाव बदलून घेतो, वहिनी. वेळेच्या आधी पोचून दाखवतो."

आणि तो पोचला. नाक्यावरच्या शिपायाने नंतर सांगितलं, की पावणेसातला गाडी आली. फाटक सहालाच बंद झालेलं. माणसाने ते दोनदा हलवून पाहिलं, मनगट दाखवलं, एक चिठ्ठी दाखवली, वाद घातला, मग रात्रीच्या निवाऱ्यासाठी खालच्या गावाकडे वळला. घाटात धुकं होतं. गाडी चौथ्या वळणावरून दरीत गेली.

"शेवटी तिथेही उशीरच," लोक म्हणाले. प्रेमाने म्हणाले, रडत म्हणाले, पण म्हणाले तेच.

त्याचं घड्याळ घरी आलं तेव्हा चालू होतं. घड्याळजीने ते कानाला लावलं, भिंतीकडे पाहिलं. "एक तास मागे आहे. मार लागून मागे पडलं असेल." बाई भाजी चिरत होत्या. त्यांना त्याच क्षणी कळलं. ड्रायव्हर माणूस, जाईल तिथली वेळ लावणारा. तिकडचे सहा म्हणजे घरचे सात. चिठ्ठीत होते घरचे सात. त्या दिवशीच्या वहीत मात्र एवढंच आहे: भाऊजींचे सामान आले.

तेव्हापासून घराच्या फाटकाची कडी संध्याकाळी दोनदा वाजे. रोज नाही. धुकं असलं की. वेळ ठरलेली, पावणेआठ. तिकडचे पावणेसात. बाई उठून बघायच्या नाहीत. घड्याळजी होता तोवर तोही उठत नसे.

"आजी?"

"सहाला बंद होतो," बाई म्हणाल्या. "तिकडच्या सहाला. वहीत सात आहेत, ते चुकीचे आहेत."

नातीने पेन खाली ठेवलं. "तुझ्या वहीत चूक?"

मग बाईंनी सगळं सांगितलं, न थांबता, तारखांसकट. नातीने नकाशावरच्या घाटावर बोट ठेवलं.

"आजोबांना माहीत होतं?"

"नाही. ते म्हणाले मार लागला."

"ते घड्याळ आहे?"

दुकान आवरताना आणलेल्या पत्र्याच्या डब्यात ते होतं, दुरुस्तीच्या कागदी पाकिटात. बाईंनी पाकीट कधी उघडलं नव्हतं. नातीने उघडलं. घड्याळाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती, गिऱ्हाइकाच्या घड्याळाला बांधत तशी. घड्याळजीचं बारीक अक्षर: *उघडून पाहिले. दोष नाही. वेळ बरोबर.*

बाईंनी ती दोनदा वाचली. बावीस वर्षं तो समोर बसून जेवला होता. नऊ वर्षांपूर्वी गेला, तेही काही न बोलता.

"म्हणजे धाकटे आजोबा," नात हळूच म्हणाली, "वेळेच्या आधी पोचले होते."

"पंधरा मिनिटं आधी. माझ्या चिठ्ठीप्रमाणे." बाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला. "बाबांना फोन लाव. आत्ता. मीच सांगते. त्याला उशीरराव म्हणायचं नाही आता कोणी."

फोनवर मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, आम्ही सगळ्यांनी किती चेष्टा केली गं त्याची." बाई "हो" म्हणाल्या. मुलाने त्यांचं सांत्वन केलं नाही, आणि त्यांनाही ते नको होतं.

बाहेर धुकं उतरलं होतं. नात नकाशाची घडी घालत असताना कडी वाजली. दोनदा.

"कोण आलं?" नातीने मान वर केली.

बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच उठून फाटकापर्यंत गेल्या. कडी गार, ओली होती. लावलेलीच होती. त्यांनी ती काढली, फाटक सताड उघडलं आणि थोडा वेळ बाजूला सरून उभ्या राहिल्या, कोणाला वाट द्यावी तशा. आत येऊन चहा टाकला. नातीने ओट्यावर पाहिलं, कप तीन होते.

त्या दिवसाची नोंद पुढे अशी आहे: नाक्याची वेळ दुरुस्त केली, सहा, तिकडची. जुनी ओळ खोडली. साखर संपत आली आहे.