संध्याकाळची मोटर

प्रेमलाकाकूंच्या ओटीवर नवा स्मार्ट मीटर लागला तेव्हा गावात बडबड पुष्कळ झाली. बिल फुगेल म्हणून काहींनी मीटर बसवायला आलेल्याला पिटाळलं. काकूंनी मात्र त्याला चहा पाजला, कारण मीटर लावून घे असं धीरजने सांगितलं होतं. मुलाचा शब्द म्हणजे त्यांना वेदवाक्य.

धीरज बोईसरला राहतो. कारखान्यातली वीज वाचवणं हेच त्याचं काम. आमच्या तारापूरहून रिक्षाने निघालं की अर्ध्या तासात त्याचं दार. पण वडिलांच्या, दिनानाथकाकांच्या, वर्षश्राद्धानंतर तो इकडे फिरकलेला नाही. आईच्या घरी कुठल्या तासाला किती वीज जळली, हे मात्र मोबाइलवर डोळ्यांत तेल घालून बघतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दिवसा वीज स्वस्त पडते, म्हणून विहिरीची मोटर दुपारीच लावायची, असा त्याचा हुकूम. एकदा काकू विसरल्या आणि दिवेलागणीला मोटर लावली. सकाळी फोन आला. त्याने चांगली खरडपट्टी काढली आणि शेवटी विचारलं, गुडघा कसा आहे? काकू दिवसभर तेवढंच सांगत फिरल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मोटर सुरू. टाकी भरून वाहायची, केळींच्या बुंध्याशी तळं साचायचं. मी शेजारीण, जिभेची तिखट. हा काय उद्योग म्हणून विचारायला गेले.

"संध्याकाळी मोटर लावली का त्याचा फोन येतो गो," काकू म्हणाल्या. "दुपारी लावली तर नाय येत."

धीरजचा असा संताप आला की अजून उतरलेला नाही.

पुढे फोनही आखडले. दुपारी लाव, एवढं बोलून ठेवून द्यायचा. मग काकूंनी माझी विजेची शेगडी मागितली. कशाला ते कळत होतं, तरी दिली. संध्याकाळी मोटर, गिझर, शेगडी, इस्त्री, सगळं एकदम. एवढं बघून तरी तो स्वतः येईल, ही आशा.

फोन आला. एवढी वीज तू जाळणं शक्यच नाही, मीटर बिघडलाय, रविवारी तपासायला माणूस पाठवतो, असं म्हणाला. रविवार म्हणजे त्याला सुट्टी, माणसाबरोबर तोही येईल, असं काकूंनीच ठरवलं. सकाळीच कोलंबी आणली, नारळ खवला, मला भाकऱ्या करायला बोलावलं.

माणूस एकटाच मोटरसायकलवर आला. त्याने बराच वेळ तपासणी केली. काकूंनी त्याला बसवून पोटभर वाढलं. हात धुऊन त्याने धीरजला फोन लावला आणि मीटर ठीक असल्याचं कळवलं.

काकूंनी पदराला हात पुसून फोनसाठी पुढे केला. तोवर धीरजने फोन ठेवला होता.